दुखवट्याचा टीपॉय

माझ्या मोठ्या नणंदेनं एखाद्या घरात पाऊल टाकलं आणि त्या घरातली एकही खुर्ची जागची हलली नाही, असं आजवर घडलेलं नाही. इतर माणसं दुसऱ्याच्या घरी गेली की पाणी मागतात, पंख्याखालची जागा पकडतात, भिंतीवरच्या फोटोतलं कोण कुणाचं ते विचारतात. आक्का उंबऱ्यातच थांबतात. डोळे बारीक करून, मान जरा तिरकी करून, बाजारात भोपळा निवडताना पाहावं तसं त्या बैठकीच्या खोलीकडे पाहतात. मग पिशवी खाली ठेवतात, पदर कमरेला खोचतात आणि समोर जो कुणी असेल त्याला म्हणतात, "धर ती बाजू." समोर यजमान आहे, यजमानाचे वडील आहेत की गॅसचं सिलिंडर पोचवायला आलेला माणूस आहे, याला महत्त्व नसतं. तो नकळत ती बाजू धरतो. आक्कांच्या आवाजात असं काही आहे की आधी हात पुढे होतात आणि प्रश्न मागाहून पडतात.

एका पुतणीचं लग्न ठरवायला आम्ही पिंपळगावला मुलाकडे गेलो होतो. पोहे यायचे होते, बोलणी सुरू व्हायची होती, तेवढ्यात आक्कांनी मुलाच्या वडिलांना हाताशी धरून खिडकीपाशी असलेला दिवाण उचलून समोरच्या भिंतीला लावला. त्या गृहस्थांनी खास प्रसंगासाठी पांढराशुभ्र सदरा घातला होता. दिवाणाखालची सगळी धूळ त्यावर जाऊन बसली. आम्ही मुलीकडचे माना खाली घालून फरशी पाहत राहिलो. "पाठीवर ऊन घेऊन बसलेला माणूस कधी हो म्हणत नाय," असं आक्कांनी परतताना गाडीत समजावून सांगितलं. लग्न जमलं. ते व्याही आजही दिवाण त्याच भिंतीला ठेवतात. हलवला तर काय होईल याची त्यांना खात्री नाही. देवळ्याच्या एका दवाखान्यात आक्कांनी ओळीनं मांडलेली बाकं समोरासमोर करून घेतली, तेव्हा पेशंट एकमेकांशी बोलायला लागले आणि गप्पा इतक्या रंगल्या की नाव पुकारलं तरी कुणी उठेना. "निम्मी माणसं बोलूनच बरी झाली," असं आक्का सांगतात. डॉक्टरांचं म्हणणं काय होतं ते मी विचारलेलं नाही. दाजी, म्हणजे आक्कांचे यजमान, देवळ्याचे कांद्याचे व्यापारी. अत्यंत शांत माणूस. ते मला एकदा फोनवर म्हणाले होते, "ती तुमच्याकडं आली का मला बरं पडतं, वहिनी. रात्री पलंग होता तिथंच सापडतो."

या सगळ्या हलवाहलवीमागे एक सिद्धान्त आहे आणि तो चहाच्या कपावर उभा आहे. पाहुणा तुमच्या घरी किती वेळ बसणार हे तुमचा स्वभाव ठरवत नाही, त्याचा कप ठरवतो, असं आक्कांचं ठाम मत आहे. कप हातात धरून बसावं लागलं की माणूस चहा संपेपर्यंतच बसतो, तो पाहुणा. कप ठेवायला हाताशी जागा मिळाली की तो पाठ टेकतो, चहा निवतो, दुसरा येतो, आणि पोटातलं ओठावर येतं, तो घरचा. सगळ्या नातलगांची घरं त्यांनी या एका मापानं मोजली आहेत. आमच्या नात्यातल्या एका बंगल्यात मोठमोठे सोफे आहेत, झुंबर आहे, पण कप ठेवायला कुठे जागा नाही. त्याबद्दल आक्का म्हणतात, "ते घर नाय, एसटी स्टँड हाय. चहा प्या, नि गाडी लागली का चाला."

आक्कांचा जन्म घोटीकडचा आणि संसार देवळ्याचा. त्यामुळे रोजच्या बोलण्यात 'हाय' आणि 'नाय', आणि राग किंवा माया अनावर झाली की अहिराणी. मला त्या मास्तरीण म्हणतात. मी कॉलेजात ग्रंथपाल होते, वर्गावर कधी गेले नाही, हे मी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं. पण पुस्तकाशेजारी बसून पगार घेणारी बाई ती मास्तरीण, याहून बारीक फरक करण्याची त्यांना गरज वाटत नाही. सासू-सासरे गेले, गावचं घर मोडलं, तेव्हापासून गंगापूर रोडवरचा आमचा फ्लॅट हेच आक्कांचं माहेर झालं. त्या कळवून कधीच येत नसत. दारावर थाप पडायची, बेलकडे त्यांचं लक्ष जात नसे, आणि हे, म्हणजे माझे यजमान, हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठत म्हणायचे, "आली माझी कंत्राटदारीण." मग भाऊ-बहीण मिळून सोफा ओढत बसायचे. ती बाजू धरायला नेहमी हेच असायचे. मी दारात उभी राहून, कुठे बोट सापडू नये एवढं पाहायची.

मागच्या वर्षी हे आजारी पडले. आतल्या खोलीत ह्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. कोण आलं, कोण गेलं ते कळलं पाहिजे म्हणून हॉस्पिटलसारखा चाकांचा पलंग भाड्यानं आणून बैठकीच्या खोलीत, सोफ्यापुढचा जुना टीपॉय काढून टाकून त्या जागी लावला. शेवटचे महिने ते तिथेच होते आणि गेले तेही तिथूनच. नंतर दुकानाची माणसं येऊन पलंग घेऊन गेली. जिथे तो होता तिथे फरशीवर चाकांच्या गंजाचे तांबूस डाग उरले. कामाच्या बाई ते पावडरीनं घासायला बसल्या, तेव्हा मी त्यांना थांबवलं. त्या मोकळ्या जागेवर मी पाय ठेवत नसे. भिंतीच्या कडेनं स्वयंपाकघरात जायची आणि आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायची. ह्यांचे मित्र भेटायला आले तर मी दारातच बोलायची. तीही भली माणसं, दारातूनच परत जायची. कुणी बसा म्हणत नव्हतं आणि कुणी बसत नव्हतं. मला वाटलं होतं, असंच राहतं आता.

दिवस-कार्य आटोपून बरेच महिने झाले होते. एके दिवशी आक्कांचा फोन आला. "मास्तरीण, येऊ का?" इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. भाऊ होता तोवर त्यांचं माहेर होतं. आता भावजयीचं घर. मागे उरलेली बाई दार उघडेल की नाही, हे त्यांना विचारावं लागत होतं. मी म्हटलं, "अहो, विचारताय काय?" पण तेवढ्यानं काही उत्तर होत नाही, हे माझं मलाच ऐकू आलं.

आक्का आल्या. उंबऱ्यात थांबल्या. खोली पाहिली. आणि कशालाही हात लावला नाही. सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या. मी चहा दिला. तो त्यांनी हातात धरून, फुंकर घालून, बशीत सांडलेल्या थेंबांसकट संपवला आणि रिकामा कप घेऊन बसून राहिल्या, कारण ठेवायला जागाच नव्हती. ज्या बाईनं सगळ्या नातलगांना या मापानं मोजलं, ती माझ्या घरात हातात कप घेऊन पाहुण्यासारखी बसली होती. आम्ही हवापाण्याचं बोललो. नाशिकला यंदा गारठा जास्त, देवळ्याला त्याहून जास्त. मग झोपलो.

सकाळी आंघोळ करून, केसांचा घट्ट अंबाडा घालून त्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "चल, टीपॉय आणायचा हाय."

"कशाला?"

"दुखवटा द्यायचा राह्यला माझा."

माणूस गेलेल्या घरी नातलग कपडे आणतात, त्याला आमच्याकडे दुखवटा म्हणतात. माझ्या माहेरच्यांनी रीतीप्रमाणे साडी आणली होती. ती मी आक्कांना दाखवली. त्यांनी साडीचा पोत बोटांत धरून पाहिला, चांगली आहे म्हणाल्या, आणि पुढे म्हणाल्या, "साडीचा दुखवटा कपाटात जातो. माझा दुखवटा बैठकीत बसंल."

ही बातमी कशी कोण जाणे माझ्या मोठ्या चुलत जाऊबाईंपर्यंत पोचली. त्यांचा फोन आला, तो आक्कांनीच घेतला. वर्ष व्हायच्या आत घरात नवी खरेदी करायची नाही, हे आमच्याकडे फार पाळतात. जाऊबाईंचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता. आक्का शांतपणे म्हणाल्या, "खरेदी कोण करतंय? दुखवटा हाय तो. दुखवट्याला वर्ष कुठं बघतात?" पलीकडून आणखी काही आलं. "लाकूड? लाकूड आणतच नाय. काच हाय." आणि फोन ठेवून दिला. स्वतःच्या घरी हत्ती बांधता येईल असं सागवानी फर्निचर ठेवणाऱ्या या बाईला काच का हवी, याचा उलगडा मला झाल्यासारखा वाटला. जाऊबाईंना गप्प करण्यासाठी त्या काचेचा डोंगरही आणतील.

त्र्यंबक रोडवरच्या एका मोठ्या फर्निचरच्या दुकानात आम्ही शिरलो. आक्कांच्या पिशवीत चहाचा थर्मास होता, घरातले कप होते आणि खारी होती. टीपॉय असा नुसता पाहून घेत नाहीत, त्यावर चहा पिऊन घेतात, असं त्यांचं म्हणणं. गळ्यात टाय घातलेला विक्रेता हसत पुढे आला. आक्का एका सोफ्यावर बसल्या, मला बसवलं आणि त्याला म्हणाल्या, "आण एकेक."

त्यानं सोनेरी पायांचा एक टीपॉय दाखवला. "हा खूप ट्रेंडिंगला आहे, मावशी."

"लग्नाच्या हॉलमधनं उचलून आणला का?"

मग काळ्या काचेचा आला. त्यात आक्कांना स्वतःचा चेहरा दिसला. "चहा प्यायला बसायचं का पावडर लावायला?" मग एक असा आला की बटण दाबलं की काचेखाली निळे दिवे लागत. आक्का वाकून बराच वेळ त्या उजेडाकडे पाहत राहिल्या. "सोफ्याखाली काय हरवलंय का कुणाचं?" विक्रेता आता मनापासून हसायला लागला होता. आक्कांच्या कसोट्या मात्र हसण्यावारी नेण्यासारख्या नव्हत्या. मोजपट्टी त्या वापरत नाहीत. त्यांचं अंग हेच माप. बसल्यावर टीपॉय गुडघ्याच्या जरा खाली हवा. पाठ टेकून हात लांब केला की कप हाताला लागला पाहिजे. सोफा आणि टीपॉय यांच्यामधून त्या स्वतः आडव्या न होता जाऊ शकल्या पाहिजेत, "मी गेले का समदं जग जाईल." कोपरे गोल हवेत, कारण पोरं उभं राहायला शिकतात ती टीपॉयला धरून. आमच्या घरात उभं राहायला शिकणारं कुणी नाही, असं मी हळूच म्हटलं. "येतील की कुणाची तरी," आक्का म्हणाल्या.

शेवटी एक साधा टीपॉय आला. स्वच्छ पारदर्शक काच, गोलसर कोपरे, बारीक लोखंडी पाय. आक्कांनी त्यावर बांगड्या आपटून आवाज ऐकला.

"फुटली म्हणजे?"

"टफन ग्लास आहे मावशी, फुटत नाही. आणि फुटलीच तर साखरेसारखे दाणे होतात, कुणाला लागत नाही."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं का? फुटली तरी दुसऱ्याला लागत नाय म्हणे. आपल्या घराण्यात द्यायला पायजे हिला."

त्यांनी थर्मास उघडला. विक्रेत्याला हाताला धरून शेजारी बसवलं, त्यालाही कप दिला. तो आधी अवघडला, मग म्हणाला, की इतकी वर्षं सोफे विकतो आहे पण दुकानात सोफ्यावर बसला आजच. तिघांचे कप त्या काचेवर होते आणि खाली दुकानाची गुळगुळीत फरशी दिसत होती. ती पाहता पाहता एकदम घरची फरशी माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि मी बोलून गेले. "आक्का, मला तिथं काही ठेवायचं नाही."

विक्रेता समजूतदार होता. बिल काय आहे ते बघतो म्हणत उठून गेला. आक्का आपला कप बाजूला सारून म्हणाल्या, "म्हणून तर काच म्हणतेय. काल आल्या आल्या पाह्यले मी ते डाग. लाकडाचा आणला असता तर ते झाकले गेले असते. तू रोज वाकून बघितलं असतंस, कंबर गेली असती तुझी. काचेतनं बसल्या जागी दिसतील." आणि मग आवाज अगदी बारीक झाला, बोलणं अहिराणीत गेलं. "मना भाऊ शे तठे. मी झाकीन का त्याला?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. दुकानात कसलं तरी संथ संगीत चालू होतं. मोठ्या माणसांनी रडायला ती जागा काही वाईट नव्हती. आजूबाजूला बसायला भरपूर सोय होती.

टीपॉय घरी आला तेव्हा दोन माणसांनी काच गोधडीत गुंडाळून, नव्या नवरीसारखी जपत वर आणली. ती माणसं गेल्यावर आक्कांनी पदर खोचला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "धर ती बाजू." ही बाजू माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. मी धरली. डावं-उजवं हा हिशोब आक्कांना मान्य नाही. त्या गावाच्या दिशेनं सांगतात. "जरा पंचवटीकडं घे. फार झालं, परत सातपूरकडं. आता हळू, देवळालीकडं." पंचवटी आणि सातपूरच्या मध्ये आम्ही दोघी बऱ्याच फिरलो आणि शेवटी ते सगळे डाग नेमके काचेच्या पोटात आले. टीपॉयचा पाय एकाही डागावर पडला नाही. आक्का मागे सरकून पाहत राहिल्या. मीही पाहिलं. मला वाटत होतं तसं काही झालं नाही. ती जागा गेली नाही. तिला छप्पर मिळालं.

त्यानंतर त्या टीपॉयवर काय मांडायचं यावरून जे झालं, त्याला मी वाद म्हणणार नाही, कारण वादात दोन्ही बाजू बोलतात. आक्कांच्या सुनेनं त्यांना मोबाइलवर टीपॉय सजवायचे व्हिडिओ पाठवले होते. आक्का ते मोठ्या आवाजात लावून त्यातल्या गोड बोलणाऱ्या बाईशी भांडत. बाईनं मेणबत्त्या ठेवल्या. "लाइट गेली का हिच्याकडं?" बाईनं पितळी भांड्यात पाणी घालून फुलं तरंगत सोडली. "फुलं तरंगतायत, मग कप कुठं तरंगवायचा?" बाईनं सांगितलं, लहान, मध्यम आणि मोठी अशी वस्तूंची जोडणी करावी. आक्कांना हे पटलं. त्यांनी वाटी, तांब्या आणि कळशी मांडून पाहिली. मग त्यांच्याच पिशवीतून प्लॅस्टिकच्या द्राक्षांचा घोस निघाला. "नाशिकचं घर, नि टीपॉयवर द्राक्षं नाय?" मी विनवून तो घोस आतल्या खोलीत नेऊन ठेवला. मी माझी पुस्तकं आणून रचली, तर त्यांनी ती एकेक करून माझ्या हातात परत दिली. "एकच ठेव. नि जाड नको. समोर पुस्तकांची चळत दिसली का माणसाला परीक्षेला बसल्यासारखं होतं. मग तो बोलत नाय." शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं विणलेला क्रोशाचा पांढरा मोठा रुमाल काढला, झटकला आणि अख्ख्या काचेवर पसरला. किती नाजूक काम होतं ते. त्याच्याकडे आम्ही दोघींनी पाहिलं. काचेतून दिसणारं सगळं त्याखाली गेलं होतं. आक्कांनी रुमाल उचलला, घडी केली.

"टीव्हीवर टाक हा."

"आक्का, टीव्ही भिंतीला चिकटवलेला असतो आता."

"मग फ्रीजवर टाक. काहीतरी उघडं असंलच की तुझ्या घरात."

अखेर काचेवर एक पुस्तक राहिलं, त्या दिवसाचं वर्तमानपत्र, आणि एका वाटीत भाजलेले शेंगदाणे, कारण बोलता बोलता हात कुठेतरी जायला हवा. बाकी सगळी काच मोकळी. "मोकळी जागा हीच टीपॉयची शोभा," आक्का म्हणाल्या. व्हिडिओतल्या बाईला हे सुचलं नव्हतं.

रविवारी त्यांनी मला न विचारता ह्यांच्या मित्रांना फोन करून चहाला बोलावलं. सकाळी ह्यांच्याबरोबर फिरायला जाणारी ही मंडळी. त्यातले एक बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर, सगळ्यांत बोलके. कित्येक महिन्यांनी ते उंबरा ओलांडून आत आले, सोफ्यावर बसले, टीपॉयकडे कौतुकानं पाहिलं. मी चहा आणला. आणि एकानंही कप काचेवर ठेवला नाही. एकानं बशी गुडघ्यावर धरली, एकानं कप पायाशी फरशीवर ठेवला, मॅनेजर कप छातीशी धरून बसले. "नवी काच आहे, वहिनी. उगाच डाग पडायचा."

"आणि गरम चहा," दुसरे म्हणाले. "तडा गेला म्हणजे?"

ज्या वस्तूवर कप ठेवायचा तीच वस्तू जपण्यासाठी कप हातात धरून बसणं, हे आमच्याच माणसांना जमावं. चहा संपत आला. कुणीतरी घड्याळ पाहिलं. मला त्या संपत चाललेल्या कपांकडे पाहवेना. आक्का उठून आत गेल्या आणि लोखंडी खलबत्ता घेऊन आल्या. त्यांनी काचेवर घडी घातलेला टॉवेल ठेवला, त्यावर खलबत्ता ठेवला आणि त्यात आल्याचा तुकडा टाकला.

"अहो आक्का, काच आहे ती!" मॅनेजर अर्धवट उठले.

"काचच हाय. पापड नाय."

आणि त्यांनी ठणाठण आलं कुटायला सुरुवात केली. शेंगदाणे वाटीत उड्या मारत होते. मी डोळे मिटून घेतले. सगळ्यांनी पाय वर घेतले. कुटून झालं, तेव्हा काच होती तशी होती. आक्कांनी खलबत्ता उचलला, काचेवरून पदर फिरवला आणि म्हणाल्या, "आता ठेवा कप. दुसरा चहा टाकते."

कप खाली आले. एकामागून एक, काचेवर तो छोटा, स्वच्छ आवाज करत. पाठी सोफ्याला टेकल्या. आणि मग मॅनेजर म्हणाले, "वहिनी, तुम्ही रात्री वाचून दाखवायचात ना, ते तो सकाळी आम्हाला स्वतःचं मत म्हणून ऐकवायचा. पण लेखकाचं नाव विचारलं की नेमकं चुकायचा, म्हणून आम्हाला कळायचं." सगळे हसले. मीही हसले. मी वाचायला लागले की ह्यांचे डोळे मिटायचे, मला वाटायचं झोपले; ह्यांना सगळं ऐकू येत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. दुसरा चहा झाला, तिसराही झाला. आक्का आतून ओरडून सांगत होत्या की गप्पा थांबवू नका, मला इथं ऐकू येतंय.

दोन दिवसांनी दाजींचा फोन आला. कांदा यायला लागला होता, आक्कांना निघायला हवं होतं. माहेरवाशीण निघाली की तिची ओटी भरतात. इतकी वर्षं आक्कांची ओटी मीच भरली होती. पण आता मी ती भरू नये अशी रीत, म्हणून मी शेजारच्या वहिनींना बोलावून ठेवलं होतं. त्या जरीची साडी नेसून आल्या. पाटावर ताट तयार होतं. घोटीच्या शेतावरून आलेले तांदूळ, नारळ, हळदकुंकू. आक्का बाहेर आल्या, ताटाकडे पाहिलं, शेजारणीकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"तुम्ही बसा हो," त्या शेजारणीला म्हणाल्या. "चहा घ्या. कप ठेवा तिथं, काय होत नाय." मग माझ्यासमोर पाटावर बसून त्यांनी पदर पसरला. "भर."

"आक्का, मी कशी..."

"माहेरची ओटी भावजय भरती. शेजारीण नाय."

"लोक काय म्हणतील?"

आक्कांनी शेजारणीकडे पाहिलं. "लोक चहा पितायत."

शेजारच्या वहिनी खरंच चहा पीत होत्या. त्यांनी मान हलवली, डोळे पुसले आणि पुन्हा कपात पाहिलं. मी ओंजळीनं तांदूळ घातले, नारळ ठेवला. कुंकवाला बोट लावलं आणि ते तसंच ताटावर धरून राहिले. आक्कांनी माझं मनगट धरलं आणि स्वतःच्या कपाळाशी नेलं. "नीट लाव. देवळ्यापर्यंत टिकलं पायजे." मी लावलं. थोडं वाकडं झालं. ओटीतले चिमूटभर तांदूळ त्यांनी परत ताटात टाकले. माहेर रितं होऊ नये म्हणून टाकतात तसे.

मी खाली रिक्षापर्यंत पोचवायला गेले. रिक्षा सुरू झाली, तेव्हा आक्कांनी डोकं बाहेर काढून वर आमच्या खिडकीकडे बोट केलं आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडल्या, "संक्रांतीला येते! तोवर पडदे बघून ठेव. हे पडदे लय रडके हायेत!"

वर येऊन मी पडद्यांकडे पाहिलं. फिकट करड्या रंगाचे, गुडघ्याशी संपणारे. खरंच रडके आहेत. बाजारात चांगले पुष्कळ मिळतात आणि एका दुपारीत ते काम होऊन जाईल. पण मी अजून एकही पडदा पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. संक्रांत जवळ आली आहे. मी रोज संध्याकाळी बैठकीत बसते, त्या पडद्यांकडे पाहते, आणि ते तसेच रडके असल्याचं मला फार बरं वाटतं.